कढत पुळणीतले आवाज

समुद्राच्या काठची वाळूच जिथे चुलीवर ठेवल्यासारखी वाफाळते, तिथली ही गोष्ट. भीती वाटली तर जरा सरकून जवळ बसा, मी काही हसणार नाही.

त्या किनाऱ्याला कढत पुळण म्हणत. ओहोटी लागली की वाळूतून ऊन ऊन झरे वर यायचे आणि मोतिया, गुलाबी, निळसर वाफा हवेत डुलायच्या. दिसायला किती गोड! पण तिथे ना बगळा उतरायचा, ना इवलासा खेकडा फिरकायचा.

टेकडीपलीकडच्या झोपडीत तुळसा आणि तिची आय, अशा दोघीच राहायच्या. आय खाडीच्या गार चिखलात बसून शिंपल्या वेचायची, त्या विकून पोट भरायचं. यंदा तिचे गुडघे असे आखडले, की उभं राहता येईना. औषधपाणी जाणणारी काकी म्हणाली, "कढत पुळणीच्या पाण्यानं शेक. पण ते कढत असतानाच हं, पुन्हा तापवलंस तर उपयोग नाही."

तुळसा तीनदा कळशी भरून टेकडी चढली आणि तीनही वेळा घरी पोचेपर्यंत पाणी गार झालं. चौथ्यांदा मात्र ती वाळूत बसून हमसून हमसून रडली.

तेवढ्यात वाफ गोळा झाली आणि वीतभर उंचीची परी समोर उभी राहिली. पंख शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमचमणारे. पण बाई गं, तिची सावलीच पडत नव्हती.

"रडू नकोस, सोनुले," परी हळूच म्हणाली. "घरी जाईपर्यंत तुझं पाणी कढत राहील. पण कळशी खाली ठेवायची नाही आणि वाळूतून कुणी बोललं तर उत्तर द्यायचं नाही. दिलंस तर पाणी गार होईल, आणि ते दुसऱ्यांदा मागता येणार नाही."

"वाळूतून कोण बोलणार?" तुळसानं विचारलं.

"नीघ आता, भरती येईल," परी मान खाली घालून म्हणाली.

तुळसा कळशी घेऊन निघाली. दहा पावलं गेली असेल नसेल, पायाशी एक चिमुकला बुडबुडा फुटला.

"आये, येते गं," आतून कुणीतरी म्हणालं.

तुळसानं ओठ घट्ट मिटून घेतले. दुसरा बुडबुडा म्हणाला, "येतो हं, आजी." मग तिसरा, मग चौथा.

आता घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, आणि घरच्यांनी 'ये हं' म्हणायचं असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बुडबुड्यांतली ही पोरं कधीकाळी खेळायला निघाली आणि भरतीनं नेली. घरचे कामात होते, कुणी 'ये' म्हटलंच नव्हतं. बिचारी अजून दारातच अडकल्यासारखी वाट बघत होती.

कळशी कमरेला चटके देत होती. तुळसाला आयचे गुडघे आठवले, तिचे डोळे भरून आले. ती आणखी दोन पावलं गेली आणि थांबली. तिला काही पुढे जाववेना.

"ये गं बाय," ती म्हणाली. "ये रे सोन्या. सगळी या."

कळशी बर्फासारखी गार पडली. आणि ओल्या वाळूत, कुणीही दिसत नसताना, इवली इवली पावलं उमटत टेकडीकडे निघाली.

"मीही 'येते' म्हटलं होतं," मागून परीचा आवाज आला. तो अगदी लहान मुलीचा होता.

"मग तूही ये ना आमच्याकडे," तुळसा रडत म्हणाली.

ती घरी पोचली तर अंगण ओलंचिंब. आयच्या गुडघ्यांतून वाफा निघत होत्या आणि परी शेवटची ओंजळ त्यांवर ओतत होती.

"किती गं मैत्रिणी धाडल्यास!" आय म्हणाली. "एकेकीनं ओंजळभर कढत पाणी घातलं. दिसली मात्र ही एकटीच."

परी दाराकडे वळली. "जाते हं, आय."

"अगं, असं म्हणू नये!" आय लगबगीनं उठून तिच्यामागे दारापर्यंत गेली. "'येते' म्हणावं, बाळा."

"नाही हो आय. आता आम्ही खरंच जातो," परी हसून म्हणाली. अंगणभर सोनेरी उजेड झाला आणि त्या उजेडात ती दिसेनाशी झाली.

आय उंबऱ्यावर कितीतरी वेळ बघत राहिली. आपण दोन पायांवर उभ्या आहोत, हे तिला तुळसानं सांगितलं तेव्हा कळलं.