नीरजाच्या जेवणाची तालीम

"आणि मॅकरोनीत चीज घालताना आच किती ठेवायची?"

थोमाबाबा बटाटे कुस्करत होते.

"बाबा, आच..."

"सकाळपासून सातव्यांदा विचारतोयस."

थोमाबाबा साळव्यांनी नगरच्या एका मिशन बंगल्यात चाळीस वर्षं अमेरिकन पाद्र्यांचा स्वयंपाक केला होता. शार्दूल पुण्यातल्या बड्या हॉटेलात शेफ. लोक शेफ म्हणायला विसरले, तर तो आठवण करून देई. असा माणूस तीन दिवस म्हाताऱ्याकडे बटाटे सोलत बसला होता, आणि म्हातारा धड एक कृती सांगेल तर शपथ.

कारण नीरजा. चार महिन्यांपूर्वी ती माहेरी निघून गेली होती. तिचं लहानपण अमेरिकेत गेलेलं. नाताळला तुझ्या आवडीचं तिथलं जेवण करतो, ये, असं त्यानं कळवलं आणि ती एका जेवणापुरती यायला तयार झाली. ते जेवण उद्या होतं. ते फसलं, की पुढचं बोलणं वकिलामार्फत.

"मागल्या खेपेला काय केलं होतंस तिच्यासाठी?" बाबांनी विचारलं.

"लग्नाच्या वाढदिवसाला? पाच पदार्थ. एकेक करून, शेगडीवरून थेट तिच्या ताटात. काही म्हणजे काही गार होऊ दिलं नाही."

"मग? काय म्हणाली?"

शार्दूल आठवू लागला.

"बोलत होती काहीतरी... धुराचा पंखा चालू होता. नीट ऐकू आलं नाही."

"आन् तू कधी जेवलास?"

"मागाहून. ओट्यापाशी, उभ्यानंच. आपण स्वयंपाकी लोक असेच जेवतो, बाबा. तुम्हाला काय सांगायचं."

बाबांनी कपाळाला हात लावला.

"आमची मडमबाई सगळं एकदम टेबलावर मांडायची," ते म्हणाले. "मग बसायची."

"पण गार होतं ना तसं."

"व्हायचं."

हे ऐकून शार्दूलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गार मॅकरोनी खाऊन कोणाचा संसार सावरला होता?

"चल, वाढ," बाबा उठून टेबलाशी जाऊन बसले. "मी नीरजा."

शार्दूलनं वाफाळती मॅकरोनी आणून ठेवली आणि आत पळाला. कोंबडी आणली, पळाला. ग्रेव्ही आणली. बाबांनी चमचासुद्धा उचलला नव्हता.

"खा ना. निवतंय."

"कोणाबरोबर खाऊ?"

"बाबा, कृपा करा. उद्या ती येणार आहे. तीन दिवस झाले, तुम्ही मला एक गोष्ट नीट शिकवलेली नाही. मला एवढंच सांगा, काय कमी आहे यात?"

बाबा उठले. बटाट्यांचं भांडं टेबलावर आणून ठेवलं. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

"आत भट्टीत ॲपल पाय आहे," शार्दूल म्हणाला.

"ठाऊक आहे."

त्यांनी शार्दूलच्या खांद्याला धरून त्याला समोरच्या खुर्चीत बसवलं. त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं, त्यात बटाटे वाढले आणि आपल्या जागेवर येऊन बसले.

"बोल."

"काय बोलू?"

"मी चार महिन्यांनी आलेय."

शार्दूलनं चमचाभर बटाटा तोंडात टाकला. बटाट्यांत मीठ थोडं कमी होतं. तेवढं मात्र त्याला लगेच कळलं.

"तू..." तो म्हणाला. "बारीक झालीस."

बाबांनी मान हलवली. पहिला घास घेतला.

"तिकडे... आईकडे, झोप लागते का तुला?"

बाबा चावायचे थांबले. त्यांचे डोळे त्याच्यावर होते. शार्दूलला एकाएकी फार वाईट वाटलं, आणि नेमक्या त्याच वेळी दाराच्या फटीतून साखर करपल्याचा वास आला.

तो अर्धवट उठला.

थोमाबाबांनी चमचा खाली ठेवला.

"उठलास. चल, पुन्हा पहिल्यापासून."