महाळुंगाच्या पानांवरचे लिखाण

फार पूर्वी रोहितनगरात अंशुमान राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व माळ्याच्या कुळात जन्मला होता. राजाच्या महाळुंगबागेचा तो मुख्य माळी होता.

एका वर्षी कोवळ्या पालवीवर पांढऱ्या, वेड्यावाकड्या रेघा उमटू लागल्या. पाने आक्रसून वळत. रेघा थेट अक्षरांसारख्या दिसत. बागेच्या कुंपणालगत तगरा नावाची विधवा राहत असे. लोकांची पत्रे ताडपत्रावर लिहून ती पोट भरी. राजपुरोहित पान पाहून म्हणाला, "महाराज, हा मंत्र त्या बाईनेच लिहिला. तिला हाकलून द्या आणि बाग तोडा."

तगरा धावत बोधिसत्त्वाकडे आली. "दादा, झाडांवर मी कशाला लिहीन? यातलं एक तरी अक्षर कुणाला लागतंय का?"

"मला अक्षरओळख नाही, अक्का," तो म्हणाला. "पण पान बघता येतं."

त्याने राजाकडे सात दिवस मागितले. पहिल्या दिवशी एका पानावरची रेघ जेमतेम नखाएवढी होती. दुसऱ्या दिवशी ती वाढली. बोधिसत्त्वाला नवल वाटले. रेघ आपोआप लांबते, तर लिहिणारा पानातच असला पाहिजे! त्याने पान उन्हासमोर धरले. रेघेच्या टोकाशी काहीतरी हलत होते. काट्याने वरचा पापुद्रा उचलला, तर आत तिळाहून लहान, पिवळसर अळी. पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खात ती पुढे सरकत होती आणि मागे उरलेल्या पांढऱ्या पोकळीत विष्ठेची बारीक काळी रेघ सोडत होती.

पुढे काय होते हे पाहायला त्याने अळ्या ज्यांच्या कडा दुमडून आत लपल्या होत्या ती पाने मडक्यात ठेवून तोंडाला पातळ वस्त्र बांधले. सहाव्या सकाळी आत अळ्यांचे झालेले रुपेरी पतंग फडफडत होते. आणखीही कोणी होते. काही दुमडींतून चिलटाहून बारीक माश्या निघून वस्त्राच्या विणीतून बाहेर जात होत्या. त्या दुमडींत अळीचे नुसते सालपट उरले होते. माशीची पिल्ले अळीवरच वाढली होती.

सातव्या दिवशी त्याने सारे राजाला दाखवले. "झाडे तोडू नयेत, महाराज. अळी फक्त कोवळ्या पानात शिरते, जून पानात नाही. रेघा पडलेले शेंडे खुडून अशाच मडक्यांत ठेवू. पतंग आत अडकतील, माश्या बागेत परततील."

"पण हे याच वर्षी का वाढले?" राजाने विचारले.

बोधिसत्त्वाला उत्तर ठाऊक होते. त्याने सांगितले नसते तर कोणाला कळले नसते. कुंपणापलीकडच्या, खतपाणी न मिळणाऱ्या बेवारस महाळुंगांवर रेघा तुरळकच होत्या.

"माझ्यामुळे," तो म्हणाला. "आपली शाबासकी मिळावी म्हणून मी दुप्पट खतपाणी घातले. पालवी फुटतच राहिली, अळीला अन्न मिळतच राहिले. तगराअक्काचा काही दोष नाही."

राजाने त्याचे मुख्य माळीपद काढून घेतले आणि पुरोहिताला तगराची क्षमा मागायला लावली. बोधिसत्त्व साधा माळी होऊन जादा खतपाणी न घालता शेंडे खुडू लागला. दुसऱ्या वर्षी पाने स्वच्छ निघाली.

कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पुरोहित म्हणजे आज सहकाऱ्यावर घाईने आळ घेणारा हा भिक्षू सुगुत्त. तगरा म्हणजे तो आळ आलेली भिक्षुणी वारणा. माळी मीच होतो." ही प्रज्ञेची कथा: न कंटाळता पाहावे, आणि दिसले ते आपल्यावर शेकले तरी सांगावे.