आभाराच्या शाली

फार पूर्वी, राजे आपली भाषणे स्वतः लिहीत आणि लोक ती शेवटपर्यंत ऐकत त्या काळी, एका राज्याच्या राजधानीत मोठे विद्यापीठ होते. तिथे वैद्यकी शिकवत. शुल्क इतके जबर होते की सरदारांची आणि सावकारांचीच मुले तिथे येत. शिकून झाले की ती राजधानीतच वैद्यकी करीत, कारण आजारी पडणे परवडणारे लोक तिथेच राहत. खेड्यांतली माणसे वैद्यावाचून मरत. त्यांची फारशी तक्रार येत नसे. मेलेला तक्रार करू शकत नाही, आणि मागे उरलेल्यांना कामे असतात.

राजा वाईट नव्हता. वाईट राजाची गोष्ट सांगायला सोपी असते. ही तशी नाही. एके दिवशी त्याने प्रधानाला विचारले, "आपल्या खेड्यांत वैद्य का नाहीत?"

"महाराज, खेड्यांतली मुले शिकायला येत नाहीत."

"का येत नाहीत?"

"शुल्क परवडत नाही, महाराज."

"मग गरिबांना शुल्क माफ करा," राजा म्हणाला, आणि त्याने ते खरोखरच माफ केले. इतक्या वर्षांत हे कोणालाच सुचले नव्हते, म्हणून दरबाराने बराच वेळ टाळ्या वाजवल्या.

आता, त्या राज्यात एक जुनी रीत होती. राजाने काही दिले, की घेणाऱ्याने चारचौघांत उभे राहून आभार मानायचे, आणि राजाच्या वतीने त्याला शाल आणि नारळ द्यायचा. विहीर दिली की सत्कार, बैल दिला की सत्कार. त्यात कोणाचे काही बिघडत नसे. विहिरीचे पाणी कुठे जात नसे, आणि बैल सत्कार होईपर्यंत रवंथ करीत उभा राही. विद्या मात्र विहिरीसारखी एकदा देऊन संपत नाही, ती रोज द्यावी लागते, आणि मग आभारही रोज मानावे लागतील, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्याच राज्यात एका लांबच्या गावी एक कुंभार राहत असे. त्याला दोन मुली. धाकटी जन्माच्या वेळी आईच्या पोटात आडवी आली होती. गावातल्या म्हाताऱ्या सुईणीने तिला कसेबसे ओढून काढले. आई वाचली नाही. धाकटीला थोरलीनेच वाढवले. शुल्क माफ झाल्याची दवंडी गावात पिटली गेली, तेव्हा थोरलीचे लग्न ठरले होते.

"तू जा गं," थोरली म्हणाली. "बाबांचं मी बघते. सासर काय, ओढ्यापलीकडे तर आहे."

"मला जमेल का, ताई?"

"आडवी येऊन जगलीस, तुला काय जमायचं नाही?" थोरली हसली. मग म्हणाली, "पण एवढं मात्र शिकून ये. आडवं मूल कसं वळवतात ते. माझं बाळंतपण तुझ्याच हातानं व्हायला हवं."

धाकटी राजधानीला गेली. पहिल्याच दिवशी शुल्कमाफीबद्दल तिचा सत्कार झाला. तिला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा ती चार शब्द फार छान बोलली. तिचे नशीब तिथेच ठरले.

दुसऱ्या दिवशी राहण्याची खोली मिळाल्याबद्दल सत्कार होता. मग जेवणाबद्दल, मग कांबळ्याबद्दल. मग शेजारच्या परगण्यातल्या लोकांना अशी मुलगी बघायला मिळावी म्हणून तिथे सत्कार. या कामासाठी प्रधानाने एक सत्कारप्रमुख नेमला होता. हा मनुष्य कामाला इतका चोख, की विद्यापीठाच्या छपराला कौले नसतील, पण मंडपाला झालर नाही असे कधी झाले नाही.

आभार अर्थात फुकट शिकणाऱ्यांनीच मानायचे होते. पैसे भरणाऱ्यांवर कोणाचे उपकार नव्हते. त्यामुळे पैसे देऊन शिकणारे वर्गात बसत, आणि फुकट शिकणारे मंडपात.

धाकटीच्या खोलीत एका सावकाराची मुलगी राहत असे. स्वभावाने बरी होती. धाकटी संध्याकाळी हार काढून खुंटीला अडकवी आणि विचारी, "आज काय शिकवलं गं?"

"ज्वराचे प्रकार. पण तुझी मजा आहे बाई! आमचा सत्कार कुणी करील तर शपथ. वडिलांनी एवढे पैसे मोजले, साधा नारळ नाही."

"ज्वराचे किती प्रकार?"

"आता जेवू दे ना. उद्या सांगते."

उद्या धाकटी दुसऱ्या परगण्यात असे.

दिवस गेले. धाकटीजवळ शालींचे गाठोडे झाले. एकदा गावाकडून मडकी घेऊन आलेल्या गाडीवानाने निरोप आणला: थोरलीला दिवस गेले आहेत, बाळंतपणाला ती माहेरी येणार आहे, आणि सुईणीला आता डोळ्यांनी दिसत नाही.

धाकटी तशीच आचार्यांकडे गेली. आचार्य विद्वान होते आणि दमलेले होते. फुकट शिकणाऱ्यांचे गुरू म्हणून त्यांनाही वर्ग आटोपला की मंडपात व्यासपीठावर बसावे लागे.

"आचार्य, आडवं मूल वळवायला कधी शिकवणार?"

"उद्या," आचार्य म्हणाले. त्यांनी फळीवरून कातड्याचे एक पोट काढून दाखवले. आत कापडाचे मूल होते. "हात आत घालून, डोळे मिटून वळवायचं. सांगून येत नाही, हाताला कळावं लागतं. कातडं जुनं आहे. तेल लावून मऊ केलं की एक दिवस चालतं, मग पुन्हा वर्षभर हात लावता येत नाही."

"नवं का करून घेत नाही?"

"मागितलं होतं," आचार्य म्हणाले. "मंडपाला नव्या कनाती आल्या."

धाकटी बाहेर आली, तर दारात सत्कारप्रमुख उभा. "उद्या सकाळी तयार राहा. न्याहारीत केळं वाढवलंय, त्याचा सत्कार आहे. महाराज स्वतः येणार."

"उद्या मी येणार नाही," धाकटी म्हणाली.

सत्कारप्रमुखाला वाटले आपण चुकीचे ऐकले. "म्हणजे? आजारी आहेस?"

"नाही. उद्या माझा धडा आहे. माझी बहीण बाळंत व्हायची आहे."

"अगं, महाराजांचंच खातेस ना? त्यांच्यासमोर चार शब्द बोलायला जड झालं? मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, ती शिकते आहे."

"वेडी आहेस का? तुझी माफी काढून घेतील. गावी जाऊन मडकी थापावी लागतील."

"काढून घेऊ देत. पण उद्याचा धडा झाल्यावर."

सत्कारप्रमुखाने हे जसेच्या तसे राजाला सांगितले. त्याला वाटले, राजा चिडेल. राजाचे डोळे भरून आले.

"अशी विद्यार्थिनी माझ्या राज्यात आहे!" राजा म्हणाला. "सत्कारापेक्षा तिला विद्या मोठी वाटते! तिचा धडा मुळीच बुडता कामा नये. आपणच तिच्या वर्गात जाऊ आणि या निष्ठेबद्दल तिचा तिथेच सत्कार करू."

दुसऱ्या दिवशी वर्गाला तोरणे लागली. बाके बाहेर काढून सतरंज्या घातल्या. आचार्यांनी तेल लावून ठेवलेले कातडी पोट मधोमध मांडले होते. सत्कारप्रमुखाने त्यालाही एक हार घातला आणि अडचण नको म्हणून ते कोपऱ्यात सरकवले. राजा बोलला, प्रधान बोलला, आचार्यांनाही बोलावे लागले. धाकटी कोपऱ्याकडे बघत होती.

"महाराज," शेवटी ती हात जोडून म्हणाली, "आता धडा होऊ दे."

"नम्रता बघा!" राजा म्हणाला, आणि त्याने तिची हत्तीवरून मिरवणूक काढण्याचा हुकूम दिला.

पैसे भरणाऱ्या मुलांचा धडा मात्र बुडवून चालणार नव्हते. त्यांच्या वडिलांनी विचारले असते. म्हणून हत्ती फाटकाबाहेर पडताच आचार्यांनी हार काढला, दार लावले आणि धडा घेतला. धाकटी राजधानीभर सगळ्यांना नमस्कार करीत परत आली, तेव्हा कातडे कडक होऊन पुन्हा फळीवर गेले होते.

"मला दाखव," ती सावकाराच्या मुलीला म्हणाली.

सावकाराच्या मुलीने मनापासून प्रयत्न केला. उशी घेतली, उशीवर हात ठेवला. "असा हात जातो. मग डोकं कुठे आहे ते लागतं... मग असं... नाही, असं." तिने उशी खाली ठेवली. "सांगता येत नाही गं. हाताला कळतं."

थोरलीचे दिवस भरत आले, तशी धाकटी शालींचे गाठोडे घेऊन गावी निघाली. गावकरी वेशीवर वाजंत्री घेऊन उभे होते. त्यांनाही सत्कार करायचा होता. तो चालू असतानाच कुंभार धावत आला. "चल पोरी. वेणा सुरू झाल्यात. सुईण म्हणते, आडवं आहे."

झोपडीत थोरली घामाने भिजून पडली होती. धाकटीला पाहून तिचा चेहरा उजळला. "आलीस ना? मग मला भीती नाही."

धाकटीने हात धुतले. तिचे हात नमस्काराला उत्तम वळत होते. हार घेताना तो कुठे धरायचा, शाल खांद्यावरून घसरू न देता नारळ कसा पेलायचा, हे सगळे त्या हातांना येत होते. तिने डोळे मिटले आणि तिला फक्त कोपऱ्यातला हार दिसला.

"तुला येतं ना गं?" थोरलीने विचारले.

"येतं, ताई," धाकटी म्हणाली. दुसरे काय म्हणणार?

ती धडपडत राहिली. शेवटी आंधळ्या सुईणीने तिला बाजूला सारले आणि कित्येक वर्षांपूर्वी केले होते तेच पुन्हा केले. मूल ओढून काढले. मुलगी होती, जिवंत होती. थोरली वाचली नाही. घरात दुसरे मऊ कापड नव्हते, म्हणून बाळाला एका शालीत गुंडाळले. दुसरी थोरलीवर घातली.

ही बातमी राजाच्या कानी गेली आणि त्याला खरोखर दुःख झाले. त्याने त्या बाळाचे सगळे शिक्षण, पार आचार्य होईपर्यंत, आतापासूनच माफ केले. सत्कारप्रमुख मंडपाचे सामान घेऊन गावी हजर झाला.

मंडपात कुंभार मान खाली घालून बसला होता. सत्कारप्रमुखाने बाळाच्या अंगावर नवी शाल घातली आणि धाकटीकडे वळून म्हणाला, "बाळाच्या वतीने चार शब्द."

धाकटी उठली. बोलायचे नाही असे तिने ठरवले होते. पण तिचे हात आपोआप जोडले गेले, आणि शब्द एकापाठोपाठ एक, कुठेही न अडखळता, बाहेर पडले. फार सुंदर भाषण झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या आवाजाने बाळ दचकून जागे झाले आणि जोरात रडू लागले. सत्कारप्रमुखाने कौतुकाने मान हलवली.

"आवाज खणखणीत आहे," तो म्हणाला. "हिचं चांगलं होईल."

तात्पर्य एवढेच: ज्या दानाचे आभार मानण्यातच घेणाऱ्याचा दिवस जातो, त्याची किंमत कोणीतरी भरलेली असते. राजाला हे जाऊन सांगायला हरकत नाही. तो नीट ऐकून घेईल आणि सांगणाऱ्याला शाल देईल.