म्हसाजीला चार खांदे

आधीच माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि भारी शब्द मला येत नाहीत. चूक दिसली तर मनात दुरुस्त करून वाचा. गोष्ट मात्र आहे तशी सांगतो.

एका राज्यात माणूस सोन्यावरून दिसत असे. कानात बाळी, बोटात वळं, गळ्यात निदान एक मणी असला तर माणूस दिसे. नसला तर दिसत नसे. आवाज ऐकू येई, धक्का लागे, पण डोळ्यांना जागा रिकामी. आणि ज्यांच्याकडे सोनं नव्हतं, त्यांना एकमेकांनाही पाहता येत नसे.

हे असं झालं राजाच्या पणजोबामुळे. त्यानं डोंगरातल्या मांत्रिकाचा खजिना लुटला. मांत्रिक गुहेच्या तोंडाशी आडवा उभा राहिला, तेव्हा पणजोबा म्हणाला, "याला बाजूला करा. याच्यामुळे मला सोनं दिसत नाही." मांत्रिक स्वतःच बाजूला झाला आणि म्हणाला, "बरं. आजपासून तुमच्या राज्यात सोनंच दिसेल." तेव्हापासून तसं होतं. लोकांना सवय झाली.

त्या राज्यात म्हसाजी नावाचा दोर वळणारा राही. त्याला केरबा नावाचा एकुलता लेक. केरबाची आई तो रांगत असतानाच गेली. पुढे दुष्काळ पडला आणि म्हसाजीनं दोघांच्या कानांतल्या बाळ्या देऊन ज्वारी आणली. त्या दिवसापासून बाप लेकाला दिसेना, लेक बापाला दिसेना. केरबाला आठवे तो काळ्याभोर मिशांचा बाप. तोच त्यानं मनात जपून ठेवला होता.

दोर वळायला दोघं लागतात. एकजण जागेवर उभा राहून पीळ देतो, दुसरा वाखाचे धागे सोडत मागे मागे जातो. मधला दोर ताणलेला असला की या टोकाचा हात त्या टोकाला कळतो. बापलेकांची भेट ती तेवढीच. एके दुपारी केरबाच्या हातातला दोर सैल पडला.

"बाबा," केरबा म्हणाला, "ताण धरा की."

उत्तर आलं नाही. केरबा दोराला धरून चालत गेला. दुसरं टोक जमिनीवर होतं, आणि त्याच्याशेजारी, हाताला लागला, तो म्हसाजी होता.

मेलेला माणूस कितीही एकटा जगला तरी एकट्यानं मसणात जात नाही. मडकं धरायला मुलगा लागतो आणि खांद्याला चौघं. केरबानं चाचपडत तिरडी बांधली आणि उंबऱ्यावर बसून राहिला. छपरावर एक टिटवी येऊन उतरली. टिटवीला लोक अपशकुनी म्हणतात, पण केरबानं तिला हाकललं नाही. घरात आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलं होतं?

टिटवी म्हणाली, "मी बसते इथे. मी बसलेय तोवर देहाला काही होणार नाही. तू खांदे आण."

"चार खांदे कुठून आणू?"

"माणसांच्या अंगावर असतात," टिटवी म्हणाली.

केरबा बाजारात माणकू सोनाराकडे गेला. सोनार रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाला, "कोण रे? लांबून बोल, तराजू हलतो."

"माझे वडील गेले, शेट. खांदा हवाय."

"तुझ्या बापाला खांदा देऊ? लोक म्हणतील माणकू वेडा झाला, हवा खांद्यावर घेऊन निघाला."

केरबाचं धाडस तिथेच संपलं. पण टिटवी वाट पाहत होती. खाली मान घालून तो खोटं बोलला, "वडिलांनी मरताना चुलीखाली काही पुरलेलं सांगितलंय."

सोनार ताडकन उठला. तीन नोकर घेऊन आला, म्हसाजीला 'थोर पुरुष' म्हणाला आणि तिरडीला हात घातला. तिरडी जमिनीवरून तसूभर हलली नाही. जणू तिला मुळं फुटली होती. चौघं घामाघूम झाले आणि चूल उकरून, काही न मिळाल्यानं केरबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेले.

मग केरबा देवळात गेला. तिथे चार भाविक गृहस्थ बसले होते. या वेळी त्यानं खरं सांगितलं. वडील कधी खोटं बोलले नाहीत. त्यांनी वळलेला दोर कुठल्या विहिरीत कधी तुटला नाही. उपाशी राहून त्यांनी मला वाढवलं.

"असा सज्जन असेल तर चला," त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला. "पात्र माणसाला खांदा दिल्यानं पुण्य लागतं."

तिरडी गुडघ्यापर्यंत उठली आणि धप्पकन खाली आली. गृहस्थ एकमेकांकडे पाहू लागले. "काहीतरी लपवतोय हा. बाप एवढा चांगला नसणार," असं म्हणत तेही गेले.

केरबा भिंतीला टेकून रडला. रडणंही दिसत नव्हतं, म्हणून त्यानं पुसलं नाही.

टिटवी म्हणाली, "मांत्रिक राज्य सोडून गेला तेव्हा मी पाणवठ्यावर होते. जाताना तो म्हणाला होता, न दिसणाऱ्याला चौघांनी काही कारण न मिळताही उचललं, तर शाप सुटेल. एकानं सोन्यासाठी उचलायला पाहिलं, एकानं गुणांसाठी. अजून एकदा जा."

केरबा राजवाड्यात गेला. पहारेकऱ्यांनी अडवलं नाही, कारण त्यांना कोणी आलेलं दिसलंच नाही. राजा एकटाच जेवत होता. त्याच्या अंगावर इतकं सोनं होतं की त्याचाही चेहरा कधी कोणाला दिसला नव्हता.

"कोण आहे?" राजा म्हणाला.

"दोरवाल्याचा केरबा. माझे वडील गेले, महाराज. खांदा हवाय."

"कोण होते तुझे वडील? राज्यासाठी काय केलं त्यांनी?"

केरबानं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग हळूच म्हणाला, "ते नाही सांगत. माणूस होते. आज गेले."

"मग मी का यावं?"

"माणसं कमी पडताहेत."

राजानं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "मी मेलो तर हजार येतील. पण ते मला उचलतील की सोन्याला, मला माहीत नाही." त्यानं हात धुतले. खांद्यावर सोन्याची चिलखती पट्टी होती, तिच्यावर तिरडी बसली नसती, म्हणून ती काढली. मग बाकीचंही काढलं. शेवटची अंगठी निघाली तसा राजा दिसेनासा झाला. दारातला पहारेकरी त्याच्यावर आदळला आणि म्हणाला, "ए भिकाऱ्या, बघून चाल."

"चुकलं," राजा म्हणाला.

केरबाच्या घरी आल्यावर राजा म्हणाला, "एक मी झालो. बाकी तीन?"

केरबा मनात मोजू लागला. बाजार झाला, देऊळ झालं, राजवाडा झाला. तेवढ्यात राजानं गल्लीत तोंड करून साधी हाक दिली, "इथे मयत आहे. तिघं हवेत."

शेजारचं दार वाजलं. मग समोरचं. मग कोपऱ्यावरचं. पावलं आली, आणि एक म्हातारा आवाज म्हणाला, "पुढं लागू का मागं?"

"तुम्ही कोण?" केरबानं विचारलं.

"भिंतीपलीकडचा तुकण्या. तुझ्या जन्माच्या आधीपासून इथंच आहे."

"मग आला का नाहीत?"

"तिरडी पडल्याचा आवाज आला होता, पोरा. मयतीला बोलावणं लागत नाही, तेही ठाऊक आहे. पण वाटलं, आम्ही आलो काय न आलो काय, कोणाला दिसणार आहे?"

केरबानं सोनाराला विचारलं होतं, भक्तांना विचारलं होतं, राजाला विचारलं होतं. भिंतीपलीकडे विचारायचं त्याच्याही मनात आलं नव्हतं.

चौघांनी हात लावला. तिरडी कापसासारखी उठली. टिटवी छपरावरून उडाली. केरबा मडकं घेऊन पुढे झाला आणि गल्लीच्या वळणावर मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, तुम्ही दिसताय."

केरबा वळला. तुकण्या वाकलेला होता, पण त्याचा खांदा ताठ होता. राजा बुटका, टकला, आणि त्याच्या नाकावर मस होता. आणि तिरडीवर एक पांढऱ्या मिशांचा, गालफडं बसलेला म्हातारा होता. केरबानं त्याला ओळखलं नाही. मग ओळखलं. मडकं हातात धरून तो बापाकडे बघत राहिला, आणि त्याला कोणीही 'चल' म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी राजानं पणजोबाचा खजिना गुहेत परत पोचवला. राज्यात सोनं सोन्याच्या जागी राहिलं आणि माणसं आपापल्या जागी दिसू लागली. काही श्रीमंतांना गर्दी फार झाल्यासारखं वाटलं. त्यांनाही सवय झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा नदीवर आंघोळीला निघाला. धक्का लागू नये म्हणून आयुष्यभर तो भिंतीला घासून चालला होता, तसाच चालू लागला. समोरून डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई येत होती. ती थांबली आणि म्हणाली, "कडेनं का रे चालतोस, दादा? एवढा रस्ता पडलाय."

केरबा रस्त्याच्या मधोमध आला. थोडा वेळ त्याला पाऊल टाकवेना. मग तो नदीकडे चालत गेला.