बार्बेराचा रंग

फार जुनी गोष्ट, तुमच्या पणजोबांनीही कुणाकडून तरी ऐकलेली. इटली देशातल्या एका डोंगरगावात दोन जातींची काळी द्राक्षं पिकत. नेबियोलो मानाची. ती धुक्यात पिके, चवीला भारदस्त, पण तिची वाइन निघे फिकी. बार्बेरा घरगुती, जराशी आंबट, पण रंगाला गडद.

दरवर्षी राजा नुसत्या नेबियोलोची सर्वांत उत्तम वाइन निवडी. एका बागाईतदाराला त्या मानाची भारी हाव. शेजारच्या आजीनं त्याला खायला म्हणून दोन टोपल्या बार्बेरा दिली होती. पठ्ठ्यानं तिचा रस गुपचूप आपल्या पिंपात मिसळला. झालं! नेबियोलोला एवढा लाल रंग राजानं कधी पाहिलाच नव्हता. मान त्यालाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव त्याच्या दारात. तुझ्या वेलीच जातिवंत, आम्हालाही लावायला काड्या दे, म्हणाले. अहो, तेव्हा तरी बोलायचं! पण त्याची जीभ रेटेना. त्यानं मुकाट्यानं काड्या दिल्या. लोकांनी जागा करायला आपापली बार्बेरा उपटून टाकली. आजीनंही.

चौथ्या वर्षी नव्या वेलींची वाइन निघाली. सगळ्यांचीच फिकी. त्याला रस्त्यानं मान वर करून चालवेना. तशात आजी दारात आली. ती भांडायला आली असेल, असं त्याला वाटलं.

“लेका, वेल तुझीच, मातीही एकच,” ती म्हणाली. “मग माझ्या हातून काय चुकलं, तेवढं सांग.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. 

“आजी, तुमचं काही चुकलं नाही. तो रंग तुमच्याच बार्बेराचा होता. मी लपवलं.”

आजीनं कुंपणाकडे पाहिलं. मग म्हणाली, “टोपल्यांचं काही नाही रे. पण मी वेली उपटत होते, तेव्हा तू कुंपणापाशी उभा होतास.”

त्याच दिवशी त्यानं चौकात सगळ्यांसमोर कबुली दिली, राजाचा मान परत केला. डोंगरापलीकडून बार्बेराच्या काड्या मागून आणल्या आणि आधी आजीच्या बागेत लावल्या. गावानं त्याला माफ केलं. पण वेलीला फळ धरायला तीन वर्षं लागतात, आणि आजीला तेवढी वर्षं मिळाली नाहीत. पहिला घड त्यानं तोडला खरा, पण त्यातला एक मणीही त्याला तोंडात घालवला नाही.

तात्पर्य: खोटं वेळेवर कबूल केलं तर आपला मान जातो, दडवून ठेवलं तर दुसऱ्याचा मळा जातो.