गाडीचं तेल गेलं कुठं?

ऐका रे बारक्यांनो. मध्ये कुणी बडबडायचं नाही.

एक होती उंदरी. नाव तिचं छबी. राहायची गेनूआजोबांच्या गाडीत, सीटखाली.

छबीच्या भावाला झालं बाळ. आज बाळाचं बारसं. बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आत्या! आत्या कोण? छबी! आत्या नाही, तर नाव नाही. आणि भाऊ राहतो लांब, बोरवाडीला.

छबी नटली. टुणुक टुणुक पुढे आली.

"गाडीताई, गाडीताई, बारशाला चल."

गाडी म्हणाली, "मी नाही चालत. पोटात तेल नाही."

"ऑं! कालच तर डबाभर ओतलं!"

छबीनं तेल मापायची पट्टी ओढली. सुळ्ळकन! पट्टी कोरडी ठाक. छबीचे डोळे झाले बटाट्याएवढे.

"अगं बाई! तेल गेलं कुठं?"

टुणुक टुणुक, छबी गेली तेलाच्या डब्याकडे.

"तेलदादा, तेलदादा,
गाडी चालत नाही.
बाळाला नाव कोण सांगणार?"

तेल म्हणालं, "मी नाही टिकत. इंजिन मला गटागटा पितं. वर निळा धूर सोडतं. आधी त्याला थांबव."

"अगं बाई! पितं?"

टुणुक टुणुक, छबी गेली इंजिनाकडे.

"इंजिनकाका, इंजिनकाका,
गाडी चालत नाही.
तेल टिकत नाही.
बाळाला नाव कोण सांगणार?"

इंजिन म्हणालं, "मी नाही थांबत. माझा दम कोंडलाय. हवा आत तुंबते, तेल उडून तोंडात येतं. आधी श्वासाच्या नळीला फुंकायला सांग."

"अगं बाई! दम कोंडलाय?"

टुणुक टुणुक, छबी गेली नळीकडे.

"नळीबाई, नळीबाई,
गाडी चालत नाही.
तेल टिकत नाही.
इंजिन थांबत नाही.
बाळाला नाव कोण सांगणार?"

नळी म्हणाली, "मी नाही फुंकत. माझ्या घशात काहीतरी मऊ मऊ अडकलंय. आधी मिस्त्रीला हलव."

"अगं बाई! मऊ मऊ?"

टुणुक टुणुक, छबी गेली दौलूमिस्त्रीकडे. मिस्त्री चहात पाव बुडवत होता.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा,
गाडी चालत नाही.
तेल टिकत नाही.
इंजिन थांबत नाही.
नळी फुंकत नाही.
बाळाला नाव कोण सांगणार?"

मिस्त्री म्हणाला, "मी नाही हलत. गाडी गळत असेल तर? आधी गाडीखाली कागद घाल. कोरा राहिला, तर येतो. उगाच नळ्या उचकटणारा मिस्त्री मी नव्हे!"

टुणुक टुणुक, छबी गेली कागदाकडे. कागद होता ओट्यावर.

"कागदभाऊ, कागदभाऊ,
गाडी चालत नाही.
तेल टिकत नाही.
इंजिन थांबत नाही.
नळी फुंकत नाही.
मिस्त्री हलत नाही.
बाळाला नाव कोण सांगणार?"

कागद म्हणाला, "मी नाही सुटत. वर बघ. माझ्यावर गेनूआजोबा बसलेत!"

छबीनं वर बघितलं. अगं बाई! खरंच की!

"आजोबा, आजोबा,
गाडी चालत नाही.
तेल टिकत नाही.
इंजिन थांबत नाही.
नळी फुंकत नाही.
मिस्त्री हलत नाही.
कागद सुटत नाही.
बाळाला नाव कोण सांगणार?"

आजोबा गुरगुरले, "मी नाही उठत, जा! माझ्या कानटोपीचा गोंडा चोरलाय कुणीतरी. लाल. मऊ मऊ. गोंडा मिळेपर्यंत मी इथंच!"

मऊ मऊ?

गोंडा कुणी कुरतडला होता? छबीनं. बाळाला उशी म्हणून. कुठं लपवला होता? काळ्या, उबदार बिळात. बीळ कसलं! ती तर श्वासाची नळी!

पळावं? पळाली, तर बाळाला नाव नाही.

छबी म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "आजोबा, गोंडा मीच चोरला. नळीत लपवला."

"काऽऽऽय!"

आजोबा ताडकन उठले!

आजोबा उठले, कागद सुटला.
कागद गेला गाडीखाली. सर्रर्र!
आजोबांनी तेल ओतलं. तेल म्हणालं, "बरं. तपासापुरतं."
गाडी घुर्र, घुर्र, घुर्र.
कागद कोरा! एक थेंब नाही!
गाडी बंद केली. मिस्त्री हलला.
मिस्त्रीनं नळी काढली. ओढ, ओढ, ओढ... फच्च! गोंडा बाहेर. लाल कुठला? काळा कुळकुळीत!
नळी फुंकली. फुस्सऽऽ!
इंजिन थांबलं. एक घोट प्यायलं नाही.
तेल टिकलं. निळा धूर गेला.
गाडी चालली. पीं पीं!

"थांबा!" आजोबा ओरडले. "गोंडा कोण धुणार? मी?"

छबीनं धुतला. घसाघसा, घसाघसा. सगळा साबण संपवला.

मग सगळे बोरवाडीला. पाळणा सजलेला. बाळ वाट बघतंय. छबी आत्या वाकली. बाळाच्या कानात म्हणाली,

"कुर्रर्रर्र... गोंड्या!"

आणि आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे! बारशाला आत्यानं ते खायचेच असतात. भावाचा एक. वहिनीचा एक. आणि एक गेनूआजोबांचा. एका बोटानं.

"हा माझ्या गोंड्याचा!" आजोबा म्हणाले.

टोपीवर लाल गोंडा हलला. टुणुक टुणुक.

संपली. आता झोपा मुकाट्यानं.