बोरखाडीचा हट्टी हंडा

पाय आत घे गं सुमे. आणि तू रे, कुजबुज पुरे. मध्ये बोललास तर गोष्ट इथंच आवरते, सांगून ठेवते.

एकदा काय झालं, खाडीच्या काठी बोरखाडी नावाचं गाव होतं. गंमत अशी, की त्या गावात मूळचं कुणीच नव्हतं, बरं का! कुणी घाट उतरून आलेलं, कुणी तारवातून, कुणी दुष्काळात चालत चालत. गावात एक तांब्याचा हंडा होता, चांगला माणूस बसेल एवढा. शिमगा झाला की पाणी भरून, झाकण ठेवून तो देवळापुढं तीन धोंड्यांवर चढायचा. मग घरटी एक जण यायचा, मूठभर तांदूळ आत टाकायचा आणि आपली माणसं या गावात कशी आली ते सांगायचा. खरं सांगितलं की हंडा आपोआप कढायचा. खाली जाळ नाही, लाकूड नाही! मग त्याच भाताचं गावजेवण व्हायचं. ज्याची मूठ शिजली तो गावचा. नाही शिजली तर त्यानं वाट धरायची.

त्या वर्षी आवडी नावाची बाई गावात आली. गेल्या पावसाळ्यात नदीनं तिचं गाव नेलं, नवराही नेला. कडेवर दोन वर्षांची पोर. तीन दिवस चिंचेखाली बसून होती बिचारी. पदराच्या गाठीत मूठभर तांदूळ, उपाशी राहून राखलेले. आणि लोक काय म्हणत? म्हणे, आधी मूठ शिजू दे, मग बघू. शहाणेच मोठे!

जेवणाचा दिवस आला. आधी उठला धोंडजी खोत. नव्या बाईपुढं मोठेपणा मिरवायचा होता ना! म्हणाला, आमचे पणजोबा घोड्यावरून आले, मागं पन्नास माणसं. हंडा थंड. मग गुणाजी सुतार म्हणाला, आमच्या आजोबांना राजानं पालखी धाडली. हंडा थंडच. मग म्हादू तेली म्हणाला, आमच्या पणजीनं तारू भरून सोनं आणलं. छे! माशी बसली तरी तिचा पाय भाजेना. घोडं कुठं पेंड खातंय, कुणाला कळेना.

मग काय, सगळे वळले आवडीकडं. हिचाच पायगुण! खोत म्हणाला, "बाई, तू आत्ताच्या आत्ता नीघ." आवडीनं पोर उचलली.

तेवढ्यात खोताची म्हातारी आई, येसूबाई, काठी आपटत पुढं आली. "गप रे धोंडज्या! घोडा कुठला आलाय? तुझा पणजा आला तो अनवाणी, तापानं फणफणलेला. म्हाळू कोळणीनं घरात घेतलं, महिनाभर पेज पाजली. तिचं नाव घ्यायला लाज वाटते होय रे मेल्या?"

आणि हंडा गुरगुरला की! मग सुताराचीही मान खाली गेली. म्हणाला, आजोबा भुकेनं पडले होते, गुरवानं देवाचा नैवेद्य त्यांच्या पानात वाढला. मग तेली रडतच म्हणाला, पणजी वाटेत बाळंत झाली, एका धनगरणीनं आपलं घोंगडं फाडून बाळाला गुंडाळलं. हंड्यातून वाफा आल्या. पण उकळी काही फुटेना.

राहिली आवडी. तिनं आपली मूठ आत सोडली. म्हणाली, "गाव गेलं, माणूस गेला, मी चालत आले. पुढं काय सांगू? तुम्ही सगळ्यांनी दार उघडणाऱ्याचं नाव घेतलंत. मला अजून कुणी दारच उघडलं नाही."

मग धोंडजी खोत उठला, बरं का. त्यानं पागोटं काढून ठेवलं, आवडीची पोर कडेवर घेतली आणि मायलेकींना घरी नेलं. दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. आपल्या हातानं पेज वाढली. दोघींचं पोट भरल्यावर त्यांना घेऊन परत आला आणि म्हणाला, "आता सांग, ताई."

आवडी म्हणाली, "आम्ही चालत आलो. धोंडजीदादानं दार उघडलं."

हंडा असा उकळला म्हणून सांगू, की झाकण थेट पारावर जाऊन पडलं! सगळं गाव एका पंगतीत पोटभर जेवलं. आवडी तिथंच राहिली, सुखानं नांदली. तिच्या पोरीची पोरं झाली, त्या पोरांनी पुढं कितीकांना दारं उघडली.

आपल्यालाही कुणी कुणी दारं उघडली, बाळांनो. त्या सगळ्यांचं भलं होवो. चला, मिटा डोळे.